डोंगर, दलदल आणि टापू : अंदमानात पक्षी पाहण्याचा एक दिवस

अंदमानची सहल आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून माणसे तिकडे जातात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर उभी राहतात, स्वराजद्वीपचा राधानगर किनारा पाहतात, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ न्याहाळतात आणि परत येतात. या आखणीत आणखी एक दिवस घालावा, असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत एक गाडी ठरवावी, गळ्यात दुर्बीण अडकवावी आणि दक्षिण अंदमानातल्या तीन जागांवर पक्षी पाहावेत. अंदमान-निकोबार मिळून वीसहून अधिक पक्षी असे आहेत, जे जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. त्यांतले बरेचसे श्री विजयपुरमपासून, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत होतो त्या शहरापासून, तास-दीड तासाच्या अंतरात राहतात.

मात्र दिवसभरात किती नवे पक्षी ‘झाले’ एवढेच मोजायचे असेल, तर या बेटाचे खरे धन हातून निसटेल. इथे प्रत्येक पक्ष्यामागे एक प्रश्न उभा असतो. हा इथे कसा पोहोचला, मुख्य भूमीवरच्या भावंडांपेक्षा वेगळा का झाला आणि त्याचे जे नातेवाईक आपल्याकडे पैशाला पासरी आहेत ते इथे का नाहीत? हे प्रश्न सोबत घेतले, तर गाडीतला एक दिवस पुरतो.

घड्याळ आणि गाडी

पहिली तयारी घड्याळाची. अंदमान मुंबईच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे, पण वेळ मात्र भारतीय प्रमाणवेळच. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे तिथला सूर्य आपल्या सूर्यापेक्षा सुमारे ऐंशी मिनिटे पुढे चालतो. जानेवारीत पावणेसहाच्या आत सूर्योदय होतो, एप्रिलच्या शेवटी तर पाचच्या सुमारास. संध्याकाळी साडेपाच वाजता बहुतेक दिवस मावळलेला असतो. पक्षी सर्वाधिक बोलतात आणि हलतात ते पहिल्या दोन-तीन तासांत. नाश्ता करून नऊला निघणाऱ्याने सकाळचा सगळा कार्यक्रम घालवलेला असतो. गाडी पहाटे साडेचारला दारात हवी.

इथे चालकासह टॅक्सी मिळते आणि पक्ष्यांसाठी तीच बरी. गाडी ठरवतानाच सांगून टाकावे, की आपल्याला ‘पॉइंट’ करायचे नाहीत. तीन ठिकाणी जाऊन बराच वेळ थांबायचे आहे आणि थांबण्याचे पैसेही द्यायचे आहेत. श्री विजयपुरममध्ये बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी अशी अनेक घरे असली तरी सगळ्यांची सामाईक बोली हिंदी आहे, त्यामुळे बोलणे अवघड जात नाही. रोज त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या चालकाला कुठल्या वळणावर सकाळी पोपट उतरतात, कुठल्या खांबावर रात्री घुबड बसते हे ठाऊक असते. त्याला विचारावे आणि दिसलेला पक्षी दुर्बिणीतून त्यालाही दाखवावा.

गाडीचा आणखी एक उपयोग आहे. माणसाची उभी, चालती आकृती पक्ष्याला धोक्याची वाटते. थांबलेल्या वाहनाची तेवढी वाटत नाही. इंजिन बंद करून, काच खाली करून, आतल्या आत शांत बसले तर बगळा किंवा खंड्या रस्त्याच्या कडेला आपले काम चालू ठेवतो. दार उघडून खाली उतरताच तोच पक्षी उडतो. दलदलीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर तर गाडीइतकी चांगली लपणाची जागा दुसरी नाही.

ऋतू निवडायचा तर डिसेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंतचा. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, तो गेल्यावर ईशान्येकडचा पाऊस वर्षाच्या अखेरपर्यंत अधूनमधून हजेरी लावतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यावरच इथले जंगल उभे आहे. या द्वीपसमूहाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग आजही वनाच्छादित आहे.

समुद्र ही एक चाळणी

अंदमानची बेटे म्हणजे म्यानमारमधल्या आराकान योमा या पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला पुढचा भाग. रांग पाण्याखालून दक्षिणेला सुमात्राकडे जाते. तिची वर राहिलेली शिखरे म्हणजे ही बेटे. त्यामुळे नकाशात ती आपली असली, तरी तिथली वनस्पती आणि प्राणी यांचे नाते म्यानमार आणि आग्नेय आशियाशी अधिक जवळचे आहे. उत्तर टोकापासून म्यानमारचा किनारा तीनशे किलोमीटरच्या आत आहे, तर चेन्नई आणि कोलकाता हजार किलोमीटरहून दूर.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमान हे एकच मोठे बेट होते. आजही त्यांच्यामध्ये अरुंद खाड्याच आहेत. त्यामुळे या तिन्ही बेटांवर बहुतेक पक्षी सारखेच आढळतात.

मुख्य भूमीवरून बेटावर जायचे तर समुद्र ओलांडावा लागतो, आणि समुद्र चाळणीसारखा काम करतो. दूरवर उडणारी कबुतरे, पोपट, शिकारी पक्षी, पाकोळ्या पार होतात. जंगल सोडून उघड्यावर न येणारे पक्षी मागे राहतात. सह्याद्रीत दिवसभर ज्यांचा ठोका ऐकू येतो त्या तांबटांचे कुळ अंदमानात नाहीच. मोर आणि गिधाडेही मूळची इथली नाहीत. धनेश आहे, पण तो पूर्वेकडच्या नार्कोंडम या सात चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या एकाच बेटावर. आपल्या एका दिवसाच्या आवाक्याबाहेर. सस्तन प्राण्यांचे तर विचारूच नका. वाघ, बिबट्या, कोल्हा यांपैकी एकही शिकारी आपणहून इथे कधी आला नाही.

जे पोहोचले त्यांना मोकळ्या जागा मिळाल्या. मुख्य भूमीशी रक्ताची देवाणघेवाण थांबली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लहान लहान फरक साठत जाऊन वेगळी जात तयार झाली. आपला भारद्वाज काळा, पंख विटकरी. अंदमानी भारद्वाजाचे डोके, पाठ आणि पोट फिकट मातकट असते. आपला हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. अंदमानात हरियालांचीच एक निराळी जात आहे. अंदमान-निकोबारचा राज्यपक्षीही कबुतरांपैकीच एक, अंदमान रानकबूतर. दाट जंगलात उंच झाडांवर फळे खात राहणारा हा पक्षी जगात फक्त याच द्वीपसमूहात आहे.

डोंगर : माऊंट मणिपूर

दिवसाची सुरुवात डोंगरावर करावी. चॅथमच्या धक्क्यावरून बांबूफ्लॅटला गाड्या नेणारी बोट सुटते. गाडीसकट पलीकडे उतरता येते, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा पडतो. पहिल्या बोटीची आणि उद्यानाच्या फाटकाची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. फाटक उघडण्याआधी पोहोचलात तर पायथ्याचा रस्ताही पक्ष्यांनी भरलेला असतो. बोटीतही दुर्बीण बाहेर असू द्यावी. बंदराच्या पाण्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालताना दिसतो. हाच गरुड आपल्या कोकण किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटी करतो.

हा डोंगर ३८३ मीटर उंच. २०२१ पर्यंत त्याचे नाव माऊंट हॅरिएट होते. १८९१ च्या युद्धानंतर इंग्रजांनी मणिपूरच्या महाराजा कुलचंद्र आणि त्यांच्या साथीदारांना इथे काळ्या पाण्यावर पाठवले. त्यांच्या स्मरणार्थ आता तो माऊंट मणिपूर झाला. जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीवर माडांच्या आडून दिसणाऱ्या दीपगृहाचे जे चित्र होते, तो देखावा याच डोंगरावरून दिसतो. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो १८७२ च्या फेब्रुवारीत इथूनच सूर्यास्त पाहून उतरले आणि पायथ्याशी होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदीने त्यांना भोसकले.

पक्षी पाहणाऱ्यासाठी जुन्या नावामागेही एक धागा आहे. हॅरिएट या रॉबर्ट टायटलर यांच्या पत्नी. टायटलर १८६२ ते १८६४ या काळात इथल्या कैद्यांच्या वसाहतीचे अधीक्षक होते आणि पक्ष्यांचे अभ्यासकही. त्यांच्या नावाचा एक चिमुकला पर्णवटवट्या काश्मीरकडच्या डोंगरांत वीण करतो आणि हिवाळ्यात सह्याद्रीत उतरतो. पुढे १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या बेटांची पक्षीमोहीम काढली. बारा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता तेच हे ह्यूम. ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्यांनी या बेटांवरील पक्ष्यांची सविस्तर माहिती छापली. सुमारे नव्वद वर्षांनी तो वारसा मुंबईकडे आला. हुमायून अब्दुलअली यांनी अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांचा नव्याने अभ्यास करून १९६४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला. आज आपण ज्या नावांनी हे पक्षी ओळखतो, त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत.

डोंगरावर गाडी सोडून वाटेने चालावे. पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच दिसत नाही, असे होऊ शकते. मग अचानक सगळीकडून हालचाल सुरू होते. हा मिश्र थवा असतो. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र होऊन जंगलातून सरकत जातात. पुढे असतो अंदमानी कोतवाल. बरोबर शेपटीला दोन लांब पिसे मिरवणारा पल्लवपुच्छ कोतवाल, मागे निखार, बुलबुल आणि अंदमानी टकाचोर. टकाचोर ओळखायला सोपा. गडद डोके, तांबूस पोट, काळ्या पंखांवर पांढरा डाग आणि झगझगीत पिवळे डोळे. आपल्या गावाकडचा टकाचोर बागांत, शेतांच्या बांधावर मोकळेपणाने वावरतो. त्याचा हा अंदमानी भाऊबंद आकाराने लहान आहे आणि दाट जंगलाला चिकटून राहतो.

असे थवे का होतात, हे कोतवालाकडे लक्ष दिले की समजते. बाकीचे पक्षी पाने-फांद्या धुंडाळतात तेव्हा किडे उडतात. कोतवाल ते हवेत टिपतो. त्या मोबदल्यात तो पहारा देतो. शिकारी पक्षी दिसला की पहिला इशारा त्याचा. इतरांना मान खाली घालून निर्धास्त खाता येते. कधीकधी तो दुसऱ्याच्या तोंडचा घासही हिसकावतो, पण पहाऱ्याची किंमत म्हणून ते सर्वांना परवडत असावे. म्हणून थवा भेटला की धावू नये. एका जागी उभे राहावे, तो आपल्या अंगावरून पुढे जातो.

मग कान द्यावा सुताराच्या ठोक्यांकडे. अंदमानात सुतार पक्ष्यांच्या दोनच जाती आहेत, एक मोठी आणि एक लहान. मोठा अंदमानी सुतार जवळजवळ कावळ्याएवढा, सगळा काळा. नराच्या डोक्यावर लाल तुरा. त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार, जो सिंधुदुर्ग-गोव्याच्या दाट जंगलांत आढळतो. आपल्या सदाहरित जंगलात सुतारांच्या अनेक जाती एकमेकांशेजारी राहतात. कोणी खोडावर, कोणी बारीक फांदीवर, कोणी मुंग्यांच्या वारुळावर पोट भरतो. इथे ते सगळे काम दोघांत वाटले गेले आहे. मोठा जाड खोडे आणि वठलेली झाडे फोडतो, लहान बारीक फांद्यांवर टिपत राहतो.

अशीच वाटणी सर्पगरुडांची. तुऱ्याचा सर्पगरुड आपल्याकडे सगळीकडे आहे आणि अंदमानातही आहे, पण इथे तो मुख्यतः किनाऱ्याजवळ, खारफुटीच्या आसपास राहतो. आतल्या डोंगराळ जंगलात त्याची जागा अंदमानी सर्पगरुडाने घेतली आहे. हा बराच गडद तपकिरी असून त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. सकाळी ऊन तापले की तो झाडांवरून वर उठून गोल फिरू लागतो. एवढ्याशा बेटावर एकाच कुळातले दोन शिकारी टिकले आहेत, ते एकमेकांच्या हद्दी पाळून.

दलदल : सिप्पीघाट

दहा-साडेदहानंतर जंगल गप्प होते. तेव्हा डोंगर उतरून, बोटीने परत येऊन, सिप्पीघाटकडे वळावे. ही जागा शहरापासून जवळ, वंडूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना पाणी, पाणगवत, मधूनच पाण्यात वाळून उभी राहिलेली झाडे. पाहणाऱ्याला वाटेल की ही दलदल फार जुनी असावी. पण २००४ पर्यंत इथे भाताची खाचरे होती.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात समुद्रतळाचा एक मोठा पट्टा हलला आणि या द्वीपसमूहाची जमीन वरखाली झाली. उत्तर अंदमानाच्या पश्चिम बाजूला ती उचलली गेली, इतकी की प्रवाळ उघडे पडले. दक्षिण अंदमान सुमारे एक मीटर खचले. निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खाली गेला. त्सुनामीची लाट आली आणि ओसरली. पण खचलेली जमीन वर आली नाही. भरतीचे पाणी सखल शेतांत शिरू लागले. ज्यांची शेते गेली त्यांच्यासाठी ही पिढीजात पोटापाण्याची हानी होती, आणि दलदलीतल्या पक्ष्यांचे कौतुक करताना ती विसरता कामा नये.

पक्ष्यांनी मात्र या उथळ पाण्याचा ताबा घेतला. इथे दिसणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा नव्हे, यजमान म्हणजे अंदमानी बदक. लहानसे, तपकिरी, डोळ्याभोवती पांढरे कडे. काहींचा सारा चेहराच पांढरट. दिवसा ते खारफुटीत, पाण्यातल्या ओंडक्यांवर निवांत बसते. त्याच्या शेजारी अडई, काणूक, जांभळी पाणकोंबडी हे आपल्या तळ्यांवरचे ओळखीचे चेहरे भेटतात. हिवाळ्यात चिखलाच्या कडेला सोनचिखल्या दिसतो. तो उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियातून, अलास्काच्या किनाऱ्यावरून निघतो. बंगालच्या उपसागरातली ही बेटे अशा प्रवाशांच्या वाटेवरचा थांबा आहेत. काही इथेच हिवाळा काढतात, काही पुढे जातात.

गाडीचा खरा उपयोग इथे होतो. रस्ता पाण्याला अगदी लागून जातो, त्यामुळे गाडी रहदारीच्या बाहेर घेऊन काचेतूनच पाहावे. पाण्यात शांत उभ्या असलेल्या बगळ्याजवळ जरा रेंगाळावे. समुद्राकाठचा बगळा एकाच जातीत दोन रंगांत येतो, काही पक्षी शुभ्र, काही पाटीसारखे राखाडी. नवख्याला त्या दोन जाती वाटतात.

दुपारी शहरात जेवायला थांबाल तेव्हा इमारतींच्या छताखालीही पाहा. चिमणीपेक्षा लहान, काळपट, पांढऱ्या पोटाच्या पाकोळ्या आत-बाहेर करत असतात. याच कुळातली खाद्य-घरट्याची पाकोळी अंदमानातल्या गुहांत राहते. ती पूर्ण घरटे आपल्या लाळेचे बांधते आणि काळोखात टकटक असा आवाज काढून प्रतिध्वनीवरून वाट शोधते. परदेशात या घरट्यांच्या सुपाला मोठी किंमत असल्याने ती इतकी ओरबाडली गेली, की १९९० च्या दशकात सालिम अली पक्षी केंद्राच्या रवी शंकरन यांनी गुहांची पाहणी केली तेव्हा संख्या वेगाने घटत असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी पूर्वी घरटी गोळा करणाऱ्यांनाच राखणदार केले; पिल्ले उडून गेल्यावरच घरटे काढायचे, हा नियम रुजवायचा प्रयत्न केला. आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरही अशीच एक पाकोळी गुहेत घरटी करते, आणि तिच्या घरट्यांची चोरी थांबवण्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम केले आहे.

टापू : दिवस मावळताना

तीनच्या सुमारास दक्षिणेला चिडियाटापूकडे निघावे. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. बर्मानाला, रंगाचांग अशा वस्त्या मागे टाकत रस्ता काही काळ समुद्राच्या काठाने जातो. ओहोटी असेल तर उघड्या पडलेल्या खडकांवर तुतवार आणि बगळे दिसतात. खारफुटीच्या फांदीवर निळा-पांढरा खंड्या बसलेला असतो; त्याच्या गळ्याभोवतीचा पांढरा पट्टा त्याला आपल्या नेहमीच्या खंड्यापासून वेगळा दाखवतो.

टापूवर पोहोचल्यावर बहुतेक पर्यटक सूर्यास्ताच्या किनाऱ्याकडे जातात. पक्षी पाहणाऱ्याने जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर थांबावे. साडेचारनंतर पोपट परतू लागतात. लांब शेपटीचे, लाल छातीचे, मोठे करण पोपट असे थवे एकामागून एक ओरडत डोक्यावरून जातात. डोंगरी मैना जोडीने दिसतात. पांढऱ्या डोक्याची मैना वठलेल्या शेंड्यावर बसलेली सापडते. तीही फक्त याच बेटांची. झुडपात खाली अंदमानी शामा गाऊ लागतो.

आणि मग अंधार पडतो. अंदमानच्या पक्ष्यांचे एक वैशिष्ट्य म्हणजे इथल्या निशाचरांची श्रीमंती. एकाच रस्त्याच्या आसपास अंदमानी पिंगळा, दोन जातींची शिकऱ्यासारखी दिसणारी घुबडे, अंदमानी गव्हाणी घुबड आणि अंदमानी रातवा अशी मंडळी राहतात. शिकऱ्यासारख्या दोन घुबडांपैकी एक गडद चॉकलेटी, त्याला ह्यूम यांचे नाव आहे. दुसरे फिकट, पोटावर तांबूस रेघा असलेले. दोघे मोठ्या प्रमाणात कीटकांवर जगतात. गव्हाणी घुबड आपल्या गावातल्या गव्हाणी घुबडापेक्षा लहान आणि रंगाने गडद, आणि उंदरांवर जगणारे. पिंगळ्याच्या शास्त्रीय नावात ह्यूम यांच्या मोहिमेतले भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांची आठवण आहे.

घुबडे पाहताना शिस्त सर्वांत महत्त्वाची. मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून बोलावण्याची सवय पसरली आहे. पक्ष्याला तो आवाज आपल्या हद्दीत घुसलेल्या शत्रूचा वाटतो. तो शिकार सोडून, कधी घरटे सोडून भांडायला येतो. रोज संध्याकाळी वेगवेगळे गट एकाच जोडीला असे बोलावत राहिले, तर तिने पिल्लांना भरवायचे कधी? रस्त्यावर गाडीचे दिवे बंद करून दहा मिनिटे गप्प उभे राहिले, तर आवाज आपोआप ऐकू येतात. विजेरीचा झोत थेट डोळ्यांत मारू नये, फ्लॅश तर वापरूच नये.

आणखी एक मर्यादा दिवसभर पाळावी. उत्तरेकडे जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवर जिरकाटांगच्या पुढे जारवा लोकांचे राखीव क्षेत्र सुरू होते. तिथून वाहने ताफ्याने जातात, थांबायला आणि छायाचित्रे घ्यायला बंदी आहे. पक्ष्यांच्या निमित्ताने त्या बाजूला जाऊ नये. ती त्यांची भूमी आहे.

बेटावर आणलेले सोबती

दिवसभरात काही प्राणी-पक्षी असेही दिसतील, जे बेटाचे नव्हेत. साळुंकी माणसाने आणली. चितळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणले गेले. त्यांना खाणारा कोणी इथे नाही, त्यामुळे ते वाढले आणि जंगलातली कोवळी रोपे खाऊन टाकू लागले. कोवळी झाडे वाढली नाहीत, तर मोठ्या सुताराला उद्या ठोकायला जाड खोडे कुठून मिळणार?

बेडकाची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. भाताच्या खाचरांतला आपला मोठा हिरवट पिवळा बेडूक मुख्य भूमीवर शेतकऱ्याचा मित्र. त्याच्या पायांची निर्यात थांबावी, यासाठी ज्यांनी अभ्यास आणि पाठपुरावा केला त्यांत हुमायून अब्दुलअली अग्रभागी होते. १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. तोच बेडूक अंदमानात पोहोचला आणि झपाट्याने पसरला. त्याची पिल्ले इथल्या मूळ बेडकांची पिल्ले खातात, आणि मोठा झाल्यावर तो पुढ्यात येईल ते गिळतो. एकाच जिवाचे एका जागी रक्षण करावे लागते आणि दुसऱ्या जागी त्याच्यापासून रक्षण करावे लागते. कुठला जीव कुठल्या ठिकाणी मुळात होता, हा प्रश्न बेटावर इतका महत्त्वाचा असतो.

किती महत्त्वाचा, ते पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाने दाखवले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालवाहतुकीबरोबर एक तपकिरी वृक्षसाप तिथे पोहोचला. झाडावर चढणारा साप तिथल्या पक्ष्यांनी कधी पाहिलाच नव्हता. काही दशकांत बेटावरचे बहुतेक सर्व मूळ वनपक्षी संपले. मुख्य भूमीवर एखाद्या तालुक्यातून पक्षी गेला तर शेजारच्या तालुक्यातून परत येऊ शकतो. बेटावरच्या पक्ष्याला शेजारचा तालुका नसतो.

म्हणून या दिवसात आपल्या हातून होण्यासारखे एक साधे काम आहे. तिन्ही जागांवर किती वाजता पोहोचलो, किती वेळ थांबलो, कोणते पक्षी किती दिसले, हे वहीत लिहावे आणि परतल्यावर ईबर्डसारख्या सार्वजनिक नोंदणीत भरावे. नोंदीत फक्त दुर्मीळ पक्षी नकोत. साळुंक्या किती, अडई किती, पोपट किती, हेही हवे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे २०२० आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले अहवाल अशाच हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभे आहेत. मुख्य भूमीवर रोज कोणी ना कोणी नोंद करत असतो. अंदमानात पक्षी मोजणारे डोळे कमी आहेत, आणि दर हिवाळ्यात तिकडे जाणारी मराठी माणसे पुष्कळ. त्यांच्यापैकी थोड्यांनी जरी सहलीतला एक दिवस डोंगर, दलदल आणि टापू यांना दिला, दिसले ते नीट लिहिले, तर पुढच्या वीस वर्षांत अंदमानी बदक वाढले की घटले, साळुंकी जंगलात किती आत शिरली, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी देता येतील. आणि घट वेळेत कळली, तरच ती थांबवता येते.